गालावरचे सात चरे

धाकटी : वाद घालायला आलेले नाही मी, दादा. आज अकरा वाजता समितीपुढे उभं राहायचंय. दोन ओळी लिहून दे, एवढंच म्हणतेय.

दादा : सकाळी नऊला येऊन दोन ओळी मागायच्या, त्याही दारातच उभं राहून. वॉरंट घेऊन आल्यासारखी दिसतेयस. ती पिशवी काढ आधी खांद्यावरून.

वहिनी : बस गं. आणि काय बोलायचं ते खुर्चीत बसून बोला दोघांनी. मधे उभे राहिलात की मला ओट्यापर्यंत जाता येत नाही. चहा टाकलाय.

दादा : कसल्या ओळी?

धाकटी : की त्या संगमरवरी मुलीच्या अर्धपुतळ्याचा तू फोटो काढलास, त्यात तिच्या गालावरचे चरे आलेले नाहीत. चरे आधीपासून होते. मी स्वच्छ करताना पाडलेले नाहीत.

दादा : फोटोत आलेले नाहीत म्हणजे नव्हते. कॅमेऱ्याला बहीण-भाऊ कळत नाही.

धाकटी : सात आहेत. गालावर पाच, कानाखाली दोन. काम हातात घेतलं त्या पहिल्याच दिवशी मोजलेत मी.

दादा : मोजलेस, मग लिहून का नाही ठेवलेस?

धाकटी : आपल्या संग्रहालयात वस्तूची स्थिती वस्तू बघून कोण लिहितं? तुझा फोटो बघून लिहितात. पुतळा माझ्या टेबलावर आला तेव्हा कार्ड भरून तयार होतं. पृष्ठभाग निर्दोष, चरा नाही, डाग नाही. म्हटलं, दादाच्या नजरेखालून गेलंय, त्याला हे जुने, किरकोळ वाटले असतील. त्यानं बघितल्यावर आपण कशाला शहाणपणा करायचा.

दादा : म्हणजे चुकलीस तू.

धाकटी : चुकले ना. तिथेच चुकले.

वहिनी : मला एक कळत नाही. दगडाला चरे पडतील इतकं तू घासतेस तरी कशानं?

धाकटी : थुंकीनं.

वहिनी : कशानं?

धाकटी : काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा आणि हलके हलके फिरवायचा. मळ निघतो, दगडाला इजा होत नाही. आमच्या कामात सगळेच असं करतात. समितीत सांगितलं तर अध्यक्ष हसायला लागले. म्हणाले, बाई, एवढ्या मोठ्या संस्थेत साबण नाही का मिळत? मी म्हटलं, थुंकीनं संगमरवरावर चरे पडत असतील तर तुम्ही थुंकून दाखवा साहेब.

दादा : असं बोललीस अध्यक्षांना?

धाकटी : मनात बोलले. तोंडानं म्हटलं, पद्धत आहे साहेब.

वहिनी : ते बरं केलंस.

दादा : हे बघ, तुझ्यावर कुणाचा राग नाही. ज्या बाईंनी पुतळा आपल्याला प्रदर्शनासाठी दिला, त्यांच्यासमोर दोन फोटो आहेत. स्वच्छ करण्याआधीचा माझा, गुळगुळीत. नंतरचा त्या नवीनं काढलेला, चरे असलेला. मधल्या तीन आठवड्यांत पुतळ्याला हात लावणारी तू एकटी. त्यांनी दुसरं काय समजावं?

वहिनी : नवी म्हणजे ती फोटोवाली मुलगी ना? यांच्या हाताखाली आलेली?

धाकटी : तीच. वर्ष होत आलं, तरी सगळे नवीच म्हणतात. दादा, बाईंनी तेच समजावं, माझी काही तक्रार नाही. म्हणून तर तुझ्याकडे आलेय.

दादा : होऊन होऊन काय होईल? एक ताकीद देतील. कागद फायलीत जाईल, लोक विसरतील.

धाकटी : ताकीद नाही. माझे हात काढून घेणार आहेत. ठराव टाइप होऊन तयार आहे, मी वाचलाय. यापुढे कुठल्याही मूळ वस्तूला स्पर्श करायचा नाही. एक तर गोदामात याद्या करायला बसवतील, नाहीतर तिकीट खिडकीवर. बसून काम आहे, म्हणाले, गुडघ्यांना बरं. बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, दादा. मला दुसरं काही येतही नाही.

वहिनी : तिकीट खिडकीवर? एवढं शिकलेलं माणूस?

दादा : आता मला सांग, त्या नवीचा फोटो तू नीट बघितलास का? आयएसओ दोनशे. दगड आहे गं तो. पळून जाणार होता का? हलत्या वस्तूला वाढवायचा असतो आकडा, उजेडाला कॅमेऱ्यानं चटकन दाद द्यावी म्हणून. दगडाला जेवढा कमी ठेवाल तेवढा फोटो नितळ. आम्ही पंचवीसच्या फिल्मवर कामं केलीत, पन्नासच्या केलीत. एकेका फोटोला बारा बारा सेकंद श्वास धरून उभे राहायचो. आणि ही कालची पोर येते, बटण दाबते, सावलीत बघावं तर रव्यासारखे दाणे. असल्या फोटोवर माझ्या बहिणीचं नशीब ठरवतात म्हणजे कमाल आहे.

धाकटी : तिचा फोटो बरोबर आहे.

दादा : तुला काय कळतं त्यातलं?

धाकटी : परवापर्यंत काही कळत नव्हतं. परवा तिला म्हटलं, दोन्ही फोटो उघड आणि कसे काढलेत ते मला सांग. तुझ्या फोटोवर आकडा निघाला पन्नास.

दादा : मग? पन्नासच लावतो मी. सगळ्यात चांगला.

धाकटी : आपल्या कॅमेऱ्याची मूळ ताकद शंभराची आहे. शंभराच्या खाली गेलं की कॅमेऱ्यावर आकडा येत नाही, एल असं अक्षर येतं. येतं ना?

दादा : येतं. एल म्हणजे पन्नास. लहान मुलालाही कळेल.

धाकटी : तो खरा पन्नास नाही, म्हणून तर कंपनीनं अक्षर टाकलंय. फिल्म बदलली की आतला माल बदलायचा. इथे आत माल तोच, शंभराचा. एल लावलं की कॅमेरा त्याच्यावर दुप्पट उजेड पाडतो आणि मग चित्र आपलं आपणच काळपट करून हातात देतो. तू त्याला पन्नासची फिल्म समजलास.

वहिनी : मला कळेल असं सांग.

धाकटी : वाटी एकच. तिच्यात दोन वाट्या दूध ओतायचं. वरचं सगळं ओट्यावर. मग वाटीतलं अर्धं काढून टाकायचं आणि म्हणायचं, बघा, कसं बेतानं ओतलंय.

वहिनी : आणि ओट्यावर गेलं ते?

धाकटी : ते सगळ्यात उजळ भागातलं असतं. पांढऱ्यातलं. लाकडाची वस्तू असती, पितळेची असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा संगमरवर. त्यातून तू दिवा समोरून पाडलास. गाल आणि चरा यांच्यात फरक केवढा असतो? पांढरं आणि किंचित कमी पांढरं, एवढाच. दोन्ही सांडले. मागे सपाट पांढरं उरलं. आणि त्याच्यावर तू कॉन्ट्रास्ट चढवलास.

दादा : उठाव नको का काही? बिनउठावाचा फोटो म्हणजे अळणी जेवण.

धाकटी : उठाव आला. केस उठून दिसले, कानामागची सावली उठून दिसली. गालावर जे काही उरलंसुरलं होतं, तेवढं पुसलं गेलं.

दादा : आणि तिचे ते दोनशे?

धाकटी : पांढरं सांभाळायचं एक वेगळं सेटिंग आहे. ते चालू केलं की कॅमेरा दोनशेच्या खाली जाऊच देत नाही, तिनं हौसेनं नाही लावलेले दोनशे. तो उजेड हात राखून घेतो, पांढऱ्याला वर जागा ठेवतो, आणि मग सावल्या उचलतो. सावलीत दाणे येतात हे तिनंच मला सांगितलं. म्हणाली, सावलीत चार दाणे आले तर येऊ देत, पांढऱ्या दगडाच्या फोटोत पांढरंच गेलं तर काय राहिलं?

दादा : पुस्तकातलं बोलते.

धाकटी : कॅमेऱ्याबरोबर येतं त्या पुस्तकातलं. खोक्यात तसंच होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. तिनं फोडलं.

वहिनी : आमच्या मिक्सरचंही तसंच आहे. पुस्तक उघडायचं म्हणजे कमीपणा.

दादा : तू गप्प बस गं.

धाकटी : हा बघ. काल दुपारी काढलाय. तोच पुतळा, तुझेच दिवे, तुझीच जागा, तुझं एल, तुझा उठाव. चरे आज त्याच्यावर आहेत हे तर कुणी नाकारत नाही, सगळी समिती गालावरून बोट फिरवून गेली. या फोटोत मला एक तरी दाखव.

दादा : उजेड नाही इथे.

धाकटी : खिडकीशी ने. चष्मा लाव.

वहिनी : मला बघू द्या. अगदी लोण्यासारखा गाल आहे की हो.

धाकटी : आणि हा दहा मिनिटांनी काढलेला. तिच्या पद्धतीनं.

वहिनी : अगं बाई. हे काय, मांजरानं ओरबाडल्यासारखं.

धाकटी : मोज. सात आहेत.

दादा : मग हेच दाखव की समितीला. पुरावा हातात असताना माझ्या ओळी कशाला हव्यात तुला?

धाकटी : दाखवले काल संध्याकाळी. अध्यक्ष म्हणाले, ज्या बाईवर आरोप आहे तिनं एका कंत्राटी मुलीकडून काढून घेतलेले फोटो आहेत हे. आणि इकडे तीस वर्षं काम केलेल्या माणसानं सहीनिशी लिहून दिलंय. दादा, त्यांना पन्नास कळत नाही की शंभर कळत नाही. तुझी सही कळते.

वहिनी : कसली सही?

धाकटी : तुला नाही सांगितलं यानं? मलाही कालच दाखवलं त्यांनी. 'सदर छायाचित्र वस्तूच्या तत्कालीन स्थितीशी तंतोतंत जुळते.' खाली सही. तारीख बारा.

वहिनी : या महिन्याची बारा?

दादा : छापील नमुना असतो तो. प्रत्येक फोटोला देतो आम्ही. कारकून कागद घेऊन आला, मी सही ठोकली.

धाकटी : कुठला पुतळा ते वाचलंस ना?

दादा : वाचलं.

धाकटी : तक्रार माझ्यावर आहे हे माहीत होतं ना?

दादा : होतं. पण फोटो चुकलाय हे मला माहीत नव्हतं. आईशपथ सांगतो. हे एलचं पुराण मी आज, आत्ता, तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोय.

वहिनी : अहो, असं नका म्हणू.

दादा : तुला कोणी विचारलंय?

वहिनी : कोणी नाही विचारलं. पण शपथ तरी नका घेऊ. निदान आईंची नका घेऊ.

धाकटी : वहिनी, काय आहे?

वहिनी : छापखान्यातून फोन आला होता. मागच्या महिन्यात, शेवटच्या आठवड्यात. हे आंघोळीला गेले होते, म्हणून मी घेतला. तो माणूस म्हणाला, साहेबांना सांगा, संग्रहालयाचं पुस्तक छापतोय त्यातल्या पांढऱ्या दालनाच्या फोटोंत पांढऱ्यात काहीच नाही, कोरा कागद छापल्यासारखं दिसतंय. यांनी मग परत फोन लावला. अर्धा तास चालला होता. त्या दिवशी जेवले नाहीत हे.

धाकटी : काय म्हणाला तो, दादा?

दादा : काही नाही.

धाकटी : अर्धा तास काही नाही?

दादा : सगळं सांगितलं त्यानं. एल काय, शंभर काय. मी म्हटलं, तुझ्याकडे काही करता येत असेल तर कर बाबा. तर म्हणाला, साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

धाकटी : मागच्या महिन्यात. आणि सही बाराला.

दादा : हो.

धाकटी : म्हणजे माहीत असून केलीस.

दादा : चारशे दहा फोटो आहेत गं. दोन वर्षं मी त्या दालनात काढलीत, सगळं पांढरं, सगळं एलवर. तुझ्या एका पुतळ्याचा फोटो चुकला म्हटलं की सगळेच चुकले. चारशे दहा कार्डं रद्दी. पुस्तक रद्दी. चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय, निरोपाच्या दिवशी ते पुस्तक माझ्या हातात द्यायचं ठरलंय. तिथे काय सांगू? पंचवीसच्या फिल्मवर काम केलेल्या माणसाला एक अक्षर कळलं नाही म्हणून?

धाकटी : आणि छापखान्याला काय सांगितलंस?

दादा : सांगितलं, पांढऱ्यावर हलकी करडी छटा छाप. कोरं दिसणार नाही.

धाकटी : म्हणजे जे होतं ते गेलं, आणि जे नव्हतं ते छापलं.

दादा : बोल. बोलून घे.

धाकटी : मला बोलायचं नाहीये. आठवतंय फक्त. मी दहा वर्षांची होते, आई गेली त्या वर्षी. तू टेबलावर अंडं ठेवायचास, शेजारी तुझा रुमाल, शेजारी कागद. म्हणायचास, सगळ्यात पांढरं कोणतं ते सांग. मी घाईनं बोट दाखवलं की म्हणायचास, नीट बघ गधडे, सगळ्यात जास्त पांढऱ्यातच असतं, लोक बघत नाहीत म्हणून दिसत नाही. तासतासभर बसवायचास मला. माझ्या पोटापाण्याचं काम तिथून निघालंय, दादा.

दादा : मला काय आठवत नाही होय?

धाकटी : त्याच माणसानं ही सही केली, हे माझ्या डोक्यात शिरत नाहीये.

दादा : मी आजवर कधी बोललो नाही, आज बोलतो. तुला मी वाढवलं. शाळेत सोडायला मी, तापात उशाशी मी. तुझं शिक्षण व्हावं म्हणून स्वतःचं लग्न पाच वर्षं पुढे ढकललं.

वहिनी : सहा.

दादा : सहा. या सगळ्याच्या बदल्यात तुझ्याकडे कधी काही मागितलं?

धाकटी : आज मागतोयस.

दादा : मागतोय. चार महिने गप्प बस. ठराव होऊ दे, बस गोदामात याद्या करत. मी बाहेर पडलो की तुझ्या बाजूनं लिहून देतो. दोन काय, वीस ओळी देतो.

धाकटी : चार महिन्यांनी तुझ्या सहीला कोण विचारतंय? आज विचारतात म्हणून तर आज आलेय.

दादा : बरं. मग दुसरा मार्ग आहे. ऐकून तरी घे. तुझं काम झाल्यावर पुतळा नवीच्या खोलीत गेला. तिनं एकटीनं उचलला, एकटीनं फिरवला. दिव्याचा स्टँड लोखंडी असतो. घासला असेल, असं म्हणता येतं. मी तसं लिहून देतो. तू सुटलीस आणि माझंही झाकलेलं राहिलं.

धाकटी : आणि ती?

दादा : कंत्राटी आहे, तरुण आहे. तिला काय, कुठेही काम मिळेल.

वहिनी : अहो.

दादा : काय अहो? बुडायची वेळ आली की घरचा कोण आणि बाहेरचा कोण, एवढंच बघायचं असतं.

धाकटी : हे तुला आत्ता सुचलं?

दादा : आत्ता म्हणजे... दोन दिवस डोक्यात आहे.

धाकटी : लिहूनही ठेवलं असशील.

दादा : ड्रॉवरमध्ये आहे. हवं तर वाच. सही तेवढी राहिलीय.

धाकटी : म्हणजे मी दारात उभी राहून ओळी मागत होते, तेव्हा ओळी तयार होत्या.

दादा : तुझ्यासाठीच लिहिल्यात त्या.

धाकटी : काल ती तीन तास थांबली माझ्यासाठी. तिची सुट्टी होती. आणि परवा तुझा फोटो उघडून तिनं आकडा बघितला. मग काय म्हणाली सांगू? म्हणाली, ताई, सरांना आपणच आधी सांगू या, समितीकडून कळलं तर त्यांना फार लागेल.

दादा : असं म्हणाली?

धाकटी : हो. आणि तू तिच्यावर स्टँड ढकलतोयस.

दादा : मला काय माहीत ती असं म्हणाली ते.

धाकटी : माहीत असतं तर नसतं लिहिलंस?

वहिनी : पुरे आता. चहा घ्या दोघं, निवत चाललाय.

धाकटी : वहिनी, तू चल माझ्याबरोबर. छापखान्याच्या फोनचं तेवढं सांग. दोन वाक्यं. पुढचं मी बघेन.

वहिनी : नाही गं.

धाकटी : आत्ता बोललीस ना.

वहिनी : इथे बोलले. गेलेल्या बाईची शपथ हे घ्यायला लागले म्हणून राहवलं नाही. पण तिथे जाऊन नवऱ्याच्या विरुद्ध उभी राहणार नाही मी. त्यांनी मला बोलावून विचारलं तर म्हणेन, असा कुठला फोन मी घेतलाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

धाकटी : वाटतंय.

वहिनी : मलाही वाटतंय. पण तू आता जाशील. मला रोज यांच्यासमोर ताट वाढायचंय.

दादा : ऐकलंस? आता काय उरलं तुझ्या हातात?

धाकटी : हे दोन फोटो.

दादा : ते कालच बघून झालेत त्यांचे.

धाकटी : म्हणून आज फोटो दाखवणारच नाही. म्हणेन, पांढऱ्या दालनात चला. चारशे दहांतल्या तुम्हाला हव्या त्या दहा वस्तू निवडा. शेजारी दादाचा फोटो धरा आणि वस्तूवरून बोट फिरवा. दहांतल्या पाच तरी खरखरीत लागतील, आणि मी त्यांना आयुष्यात हात लावलेला नाही. समितीला कॅमेरा कळत नसेल, बोट तर आहे ना प्रत्येकाला.

दादा : असं केलंस तर मी संपलो.

धाकटी : हो.

दादा : तीस वर्षांत मी एक फोटो वाईट काढला नाही. आणि लोकांच्या लक्षात काय राहणार, तर हे.

धाकटी : मी नऊला आले, दादा. सभा अकराला आहे. मधला वेळ मी तुझ्यासाठी ठेवला होता. तू तुझ्या हातानं लिहिलं असतंस तर ती नुसती चूक ठरली असती. चूक कोणाचीही होते, कॅमेरा नवा, सवय जुनी. दोन दिवस लोक बोलले असते आणि म्हणाले असते, माणसानं स्वतःहून सांगितलं. आता मी सांगितल्यावर तिला कोणी चूक म्हणणार नाही.

दादा : मग सांगू नकोस.

धाकटी : आणि तिकीट खिडकीवर बसू?

दादा : भाऊ म्हणून काहीच नाही तुला माझं?

धाकटी : भाऊ म्हणून तर आधी इथे आले. नाहीतर थेट तिथेच गेले असते. अजून वेळ आहे. पेन घे, दोन ओळी लिही. मी खाली थांबते, रिक्षात बरोबर जाऊ. मी बोलणारही नाही काही, तू कागद दे नुसता.

दादा : माझ्यानं नाही होणार.

धाकटी : बघ एकदा.

दादा : नाही होणार म्हटलं ना.

धाकटी : बरं. ते फोटो दे इकडे.

वहिनी : चहा तसाच राहिला तुझा.

धाकटी : राहू दे, वहिनी. उशीर होईल.

(धाकटी जाते.)

दादा : ती खरंच सांगेल का गं?

वहिनी : सांगेल.

दादा : सख्ख्या भावाचं?

वहिनी : तुम्हीच वाढवलंय ना तिला.